माशांच्या टाकींतील गाळणी बदलतांना घ्यावयाची खबरदारी

शेतीस जोडधंदा म्हणून टाकींत मासे पाळण्याकडे अलीकडे कित्येक शेतकरी बंधूंचें लक्ष लागलें आहे. इ. स. २०२० मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेंत तेंच पाणी गाळून फिरवीत ठेवण्याच्या पद्धतीसही साह्य देण्याची तरतूद झाली. कित्येकांच्या घरीं शोभेच्या माशांची कांचेची पेटीही असते. टाकी लहान असो वा मोठी, एक प्रकार वारंवार घडतो. गाळणी मळली म्हणून मालक तिच्यांतील सर्व सामग्री टाकून नवी कोरी भरतो. पाणी आरशासारखें स्वच्छ दिसूं लागतें. आणि थोड्याच दिवसांत मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात व मरूं लागतात. रोग पडला असें समजून औषधांवर पैसा खर्च होतो. वास्तविक बहुधा रोग नसतोच. टाकींतील सर्वांत उपयोगी चाकर मालकानें स्वहस्तें घालवून दिलेले असतात. हे चाकर कोण व त्यांस राखून गाळणी कशी बदलावी, याचा येथें विचार करूं.

मासे नत्राचा टाकाऊ अंश मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानें सोडतात. उरलेलें खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. हा माशांस विष होय. पाण्याचा सामू ७ व उष्णता २५ अंश सेंटिग्रेड असतां त्याचा शेंकडा अर्ध्याहून किंचित् अधिक भागच जहाल रूपांत असतो. सामू ८ झाला कीं तोच शेंकडा पांचांवर जातो. गाळणींतील सूक्ष्म जंतूंची एक जात या अमोनियाचें नायट्राइट बनविते व दुसरी नायट्राइटचें नायट्रेट बनविते. नायट्राइटही घातकच, त्यानें माशांचें रक्त तपकिरी पडून प्राणवायु वाहण्याची त्याची शक्ति कमी होते. नायट्रेट मात्र त्या मानानें सौम्य असून पाणी बदलून काढतां येतें, व तें पाणी झाडांस घातल्यास वायांही जात नाहीं.

शेतकऱ्यांस हे जंतु अगदींच परके नाहींत. शेणखतांतील व अमोनियम सल्फेटांतील नत्राचें नायट्रेट होतें, तें जमिनींतील अशाच जंतूंच्या योगानें. हें कार्य सजीवांचें आहे असें श्लेझिंग व म्युंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७७ मध्यें दाखविलें; पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें ते जंतु वेगळे काढले. दोन्ही पायऱ्या एकटाच करणारा जंतु २०१५ मध्यें उजेडांत आला, व एका संशोधकमंडळास तो मत्स्यपालनाच्या गाळणींतच मिळाला.

या जंतूंचे दोन स्वभाव ध्यानांत ठेवावे. पहिला, ते पाण्यांत तरंगत न राहतां मुख्यतः पृष्ठभागास चिकटून राहतात. म्हणून थोडें पाणी बदलल्यानें ते फारसे जात नाहींत, सामग्री बदलल्यानें जातात. दुसरा, त्यांची वाढ फार सावकाश होते. दह्याचें विरजण एका रात्रींत लागतें. हे जंतु दुप्पट होण्यासच बहुधा अर्धा ते एक दिवस, कधीं अधिकही लागतो. यामुळें कोरी गाळणी पुरती कामास लागण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे जातात. तोंवर माशांचें विष निवारणार कोण?

तेव्हां पुढील क्रम धरावा :

(१) बदलण्याची खरोखर गरज आहे काय, हें प्रथम पाहावें. खडी, प्लास्टिकचीं चक्रें, चिनी मातीच्या नळ्या झिजत नाहींत; त्या धुतल्या कीं पुरे. झडलेला स्पंज व शक्ति संपलेला कोळसा मात्र बदलावा लागतो.

(२) धुणें तें टाकींतूनच काढलेल्या पाण्यांत, बादलींत हलकेंच खळबळून. क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्यानें, साबणानें वा गरम पाण्यानें जंतु मरतात. गाळ जावा, चिकट थर राहावा.

(३) एका वेळीं तिसऱ्या हिश्शाहून अधिक सामग्री बदलूं नये. पुढचा हिस्सा तीन-चार आठवड्यांनीं बदलावा.

(४) शक्य तर नवी सामग्री जुनीशेजारीं महिनाभर गाळणींत ठेवावी, म्हणजे तिजवर जंतूंची वस्ती होते. मग जुनी काढावी.

(५) काम चालूं असतां सामग्री उन्हांत ठेवूं नये, वाळूं देऊं नये. पंप बराच वेळ बंद राहिल्यासही जंतु गुदमरतात, कारण एक ग्रॅम अमोनिया-नत्रास त्यांस सुमारें साडेचार ग्रॅम प्राणवायु लागतो.

(६) त्याच आठवड्यांत तळाची वाळू काढणें, बहुतेक पाणी बदलणें वा नवे मासे सोडणें टाळावें. खाद्य निम्म्यावर आणावें.

(७) पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड अमोनिया व नायट्राइट तपासावें. आंकडा चढूं लागल्यास खाद्य थांबवून क्लोरीन घालविलेल्या पाण्यानें पाव हिस्सा पाणी बदलावें व हवा वाढवावी.

यांतील एकही गोष्ट खर्चाची नाहीं. थोडा धीर मात्र लागतो. मागील दह्याचें विरजण बाजूस काढल्यावांचून कोणतीही गृहिणी भांडें घासावयास घेत नाहीं. तीच दूरदृष्टि टाकीच्या मालकानें गाळणीस हात घालण्यापूर्वीं दाखवावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.