पोरगं बारच्या कामाला लागलं तर

रिसोडकडचे एक सभासद आम्हाला हळूच विचारत होते, "पोरगं पुण्याला बारमध्ये लागलं. गावात सांगावं कसं? अन् शाळेवाचून हे काम येतं का?"

येतं. शतभी बसूंनी १९८१ साली मुंबईत हे काम धरलं. हॉटेलचं शिक्षण होतं, पण बारचं काम त्या करता करताच शिकल्या. पुढं त्यांनीच वर्ग काढले.

आधी ग्लास धुवायचे, मग बर्फ, मग माप. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग बसतात. वजनकाट्यावर डोळा ठेवणाऱ्याच्या पोराला माप काय शिकवावं! अन् रम तर मळीचीच.

अवघड एकच, गिऱ्हाइकाला 'आता बस' म्हणणं. ते मात्र कामावरच जमतं.