चर्चगेटची कोंकणी गाणी

चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून वीर नरिमन रस्त्यानं समुद्राकडे निघालं, की रमतगमत गेलं तरी दहा मिनिटांत मरीन ड्राइव्ह लागतो. साठच्या दशकात एवढ्याशा पट्ट्यात आणि त्याच्या आसपास गेलॉर्ड होतं, बॉम्बेलीज होतं, रिट्झ आणि अॅम्बेसेडर ही हॉटेलं होती, सूना महालच्या कोपऱ्यावर ‘टॉक ऑफ द टाऊन’ होतं आणि इरॉस थिएटरजवळच्या अॅस्टोरिया हॉटेलात ‘व्हेनिस’ नावाचा नाइटक्लब होता. अंधार पडला की या जागांमधून ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम ऐकू यायला लागत. 1949च्या कायद्यानं मुंबईत दारूबंदी आणली होती. पेले रिकामे झाले, तरी बँड काही उठून गेले नाहीत. 1958मध्ये डेव्ह ब्रूबेक आणि 1963मध्ये ड्यूक एलिंग्टन हे अमेरिकन जॅझचे मोठे वादक मुंबईत आले, तेव्हा त्यांचं संगीत जाणणारा श्रोता इथे होता आणि त्यांच्याबरोबर वाजवू शकतील असे वादकही होते. त्यातले बहुतेक गोव्याचे.

त्याच वेळी तिथून दोन-तीन किलोमीटरवरच्या गिरगावात रेडिओवर भावगीतं लागत. चाळीतल्या मराठी माणसाला चर्चगेटच्या त्या जागांचे दरवाजे ठाऊक असतील, पण ते ढकलून आत जाणं खिशालाही परवडणारं नव्हतं आणि मनालाही. म्हणून आपल्याच शहरात जन्मलेली काही उत्तम गाणी आपल्या कानांवर पडायची राहिली. ती गाणी क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘रेड रोज’, ‘लिस्बोआ’, ‘तुजो मोग’, ‘नाचुंया कुंपासार’. भाषा कोंकणी, चाल आणि ठेका कधी चा-चा-चाचा, कधी रॉक अँड रोलचा, कधी संथ जॅझ बॅलडचा.

क्रिस पेरी मूळचा मडगावच्या बोर्ड्याचा. जन्म 1928चा, आडनाव परेरा. पेरी हे बँडवाल्याला शोभणारं रूप. ट्रंपेट हे त्याचं मुख्य वाद्य, सॅक्सोफोनही तो वाजवी. भाऊही वादकच. लॉर्ना कोर्देरो वांद्र्याची, 1946ची. साठच्या दशकाच्या मध्यावर ती त्याच्या बँडची गायिका झाली. रात्री क्लबमध्ये ती इंग्रजी गाणी गायची, कारण तिथलं गिऱ्हाईक तेच मागायचं. पण पेरीनं त्याच बँडला, त्याच ठेक्यांवर कोंकणी शब्द दिले. एचएमव्हीनं त्या गाण्यांच्या तबकड्या काढल्या, त्या गोव्यात पोचल्या आणि घराघरांत वाजायला लागल्या.

ही गाणी आज ऐकताना पहिल्यांदा लक्ष वेधतो तो लॉर्नाचा आवाज. त्या काळात आपल्याकडे स्त्रीचा गाता आवाज म्हणजे उंच, बारीक आणि निर्मळ, हे जवळजवळ ठरून गेलं होतं. लॉर्नाचा आवाज भरदार आहे, थोडा खरखरीत आहे, आणि तिला तो लपवायचा नाही. ओळीच्या शेवटी ती सूर ओढून सोडते तेव्हा वाटतं, ही बाई समोरच्या टेबलावरच्या माणसाकडे बघूनच गाते आहे. ‘बेबदो’ म्हणजे दारुडा, ‘पिसो’ म्हणजे वेडा. हे विषय काही भावगीताचे नव्हेत. ते तियात्रातल्या कांतारांचे आहेत, म्हणजे कोंकणी नाटकात प्रवेशांच्या मधे पडद्यापुढे येऊन म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांचे. टर उडवणारे, रडवणारे, रोजच्या घरातले. पेरीनं केलं ते असं, की कांताराची ही चावट-दुखरी भाषा त्यानं नाइटक्लबच्या बँडवर बसवली. आणि ट्रंपेट त्यात मागे उभं राहत नाही. ते गायिकेला उत्तर देतं, कधी तिच्या आधीच बोलून टाकतं. माझ्या मते ही खरं तर द्वंद्वगीतं आहेत, एक आवाज माणसाचा आणि एक पितळेचा.

हे कसब आलं कुठून, याचं उत्तर गोव्यातल्या चर्चच्या आवारात आहे. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडून असलेल्या शाळांतून मुलांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सुरावट वाचणं, आणि व्हायोलिन शिकवलं जाई. शिकवणारे ते मेस्त. कागदावरची नोटेशन बघून पहिल्याच फटक्यात वाजवणं हे या मुलांना बाराखडीइतकं सोपं. पण गोव्यात त्या विद्येला पोट भरण्याइतकं काम नव्हतं. मग वाट मुंबईची. धोबीतलाव, माझगाव भागात गावागावाच्या ‘कूड’ असत. कूड म्हणजे त्या गावच्या माणसांनी वर्गणीतून चालवलेली खोली. पथारी, ट्रंक आणि एक वेदी एवढाच संसार. जहाजावर जाणारा खलाशी, आचारी, वादक, सगळे आधी तिथे उतरायचे. धोबीतलावच्या जेर महालात अशा कितीतरी कुडी होत्या. कोंकणी तियात्राचा पहिला खेळही गोव्यात झाला नाही. तो 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. त्यामुळे क्रिस पेरीची गाणी मुंबईत तयार झाली यात अपवाद काहीच नव्हता. कोंकणीची करमणूक आधीपासूनच इथे घडत होती.

मराठी वाचकाला गोव्याचं संगीत म्हटलं की मंगेशी आठवते. मंगेशकर आठवतात, जितेंद्र अभिषेकी आठवतात. देवळांच्या आधारानं वाढलेला तो प्रवाह नाट्यसंगीतातून, ख्यालातून, भावगीतातून आपल्यापर्यंत आला आणि आपण तो आपलाच मानला. (अभिषेकी काही काळ आकाशवाणी मुंबईच्या कोंकणी विभागात होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.) चर्चमधून निघालेला दुसरा प्रवाह त्याच शहरात, त्याच काळात आला आणि आपण त्याला ‘क्लबातलं संगीत’ म्हणून बाजूला ठेवलं.

गंमत अशी, की बाजूला ठेवलं असं आपल्याला वाटत होतं. प्रत्यक्षात आपण तो रोज ऐकत होतो. हिंदी चित्रपटाचा संगीतकार पेटीवर चाल बांधायचा. तिच्यामागे व्हायोलिनचा ताफा काय वाजवील, ट्रंपेट कुठे शिरेल, गायकाच्या ओळीमागे कुठला वेगळा सूर फिरत राहील, हे कागदावर उतरवायचा अरेंजर. आणि अरेंजर बहुधा गोंयकार, म्हणजे गोव्याचा. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागचा तो भव्य वाद्यवृंद सेबास्तियन डिसोझाच्या लेखणीतून उतरलेला आहे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाव आलं तर सहायक म्हणून, बारीक अक्षरात. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी 1951मध्ये ‘अलबेला’ला संगीत दिलं, तेव्हा त्यांच्याबरोबर हळदोण्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होता. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ; लुई आर्मस्ट्राँगची छाप इतकी, की मुंबई त्याला तसंच ओळखायची. ‘अलबेला’त तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. भगवानदादांचा नाच आपण पाठ केला, मागे वाजवणाऱ्यांकडे कुणी बघितलं नाही.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसची गोष्ट याहून मोठी. पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. राग आणि सिम्फनी एकत्र आणायचा ध्यास घेऊन या माणसानं 1958मध्ये भारतीय वादकांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्याचा कार्यक्रम झाला, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. साठच्या दशकात गोन्साल्विस अमेरिकेला गेले, परत येऊन गोव्यात राहिले, 2012मध्ये वारले. 1977च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या त्या धमाल गाण्यात प्यारेलालनी गुरूचं नाव घातलं आणि देशभर ते नाव एका विनोदी पात्राचं म्हणून प्रसिद्ध झालं. गुरुदक्षिणेचा इतका विचित्र प्रकार दुसरा मला ठाऊक नाही. अशोक राणे यांनी गोन्साल्विसवर माहितीपट केला, तेव्हा बऱ्याच मराठी माणसांना कळलं की हा खरा माणूस होता.

चित्रपटसृष्टीत कमावलेले पैसे घालून कोंकणी सिनेमा काढण्याचं वेडही या वादकांनीच केलं. फ्रँक फर्नांड हा ट्रंपेटवादक आणि अरेंजर; त्यानं 1963मध्ये ‘आमचें नशीब’ आणि 1966मध्ये ‘निर्मोण’ काढला. ‘निर्मोण’वरून राजश्री प्रॉडक्शन्सनं पुढच्याच वर्षी हिंदीत ‘तकदीर’ बनवला. पेरीनंही 1977च्या ‘भुंयारांतलो मनीस’ला संगीत दिलं.

या सगळ्याला त्या दशकाची एक पार्श्वभूमी आहे. गोवा 1961मध्ये मुक्त झाला आणि लगेच प्रश्न उभा राहिला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही. 16 जानेवारी 1967च्या जनमत कौलात 34,021 मतांच्या फरकानं विलीनीकरण नाकारलं गेलं. विलीनीकरणाविरुद्धच्या प्रचारात मनोहरराय सरदेसाईंच्या कविता आणि उल्हास बुयांव यांचा आवाज गावोगाव फिरला. कोंकणी भाषा की मराठीची बोली, यावर तेव्हा पानंच्या पानं लिहिली गेली. चर्चगेटच्या बँडला त्या वादाशी देणंघेणं नव्हतं. पण वाद चालू असताना कोंकणीत चा-चा-चा गाऊन, एचएमव्हीच्या लेबलवर छापून, तबकडी बाजारात विकली जात होती. माझ्या समजुतीप्रमाणे कोंकणीच्या बाजूचा तो एक जोरदार युक्तिवाद होता. तो आपल्या पंडितांच्या कानावर गेला नाही.

सत्तरच्या दशकात मैफल मोडली. डिस्कोथेक आले, जिवंत बँडपेक्षा रेकॉर्ड लावणं स्वस्त. तेलाच्या पैशानं आखाताची वाट उघडली आणि गोव्याचा तरुण मुंबईत न थांबता थेट तिकडे जायला लागला. पेरी स्वतः दुबईला गेला आणि तिथे त्यानं संगीतशाळा चालवली. त्याआधीच त्याची आणि लॉर्नाची फारकत झाली होती. फारकतीमागच्या खासगी गोष्टींवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यात मला जायचं नाही. परिणाम एवढा, की ज्या बाईचा आवाज गोव्यातल्या प्रत्येक लग्नात वाजत होता ती बाई सुमारे दोन तपं गाण्यातून नाहीशी झाली. लग्नातल्या गाण्यांत मात्र खंड नव्हता. जेवणापूर्वी तोस्त, म्हणजे जोडप्याला शुभेच्छांचा पेला, झाला, जोडपी नाचली, की बँड ‘मसाला’ सुरू करतो. मसाला म्हणजे एकाला एक जोडलेल्या कोंकणी-पोर्तुगीज गाण्यांची माळ. तीत पेरीची गाणी येणारच. मुलं वाढली, त्यांची लग्नं झाली, त्यांच्याही लग्नात तीच गाणी.

म्हणून ‘विसरलेल्या गाण्यांचा शोध’ हे शब्द इथे जपून वापरायला हवेत. गाणी गोव्यात कुणी विसरलं नव्हतं. शोधायची होती ती गायिका.

ते काम रॉनी मोन्सेरातनं केलं. त्याचे वडील पीटर मोन्सेरात मुंबईच्या बँडांमधले नावाजलेले ट्रंपेटवादक. स्वतः रॉनी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमधला कीबोर्डवाला. त्यानं लॉर्नाला पुन्हा माइकपुढे उभं केलं. 1995मध्ये ‘हॅलो लॉर्ना’ ही कॅसेट निघाली आणि पणजीजवळच्या मिरामारला तिचा कार्यक्रम झाला. वाळूवर माणसं मावेनात. आवाजाचं वय झालं होतं, पण जोर होता, आणि गर्दीला प्रत्येक ओळ पाठ होती. पेरी 25 जानेवारी 2002 रोजी गेला.

पुढची पायरी पुस्तकाची आणि चित्रपटाची. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ 2012मध्ये आलं आणि मुंबईच्या जॅझची हकीकत पहिल्यांदा सलग वाचायला मिळाली. त्याआधी ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं चित्रपटातल्या वादकांच्या मुलाखती घेऊन ‘बिहाइंड द कर्टन’ लिहिलं होतं. मग बार्द्रॉय बार्रेटो यांचा ‘नाचुंया कुंपासार’ आला. त्यातल्या पात्रांची नावं लॉरी आणि डोना, पण रोख कुणाकडे आहे हे गोव्यातल्या पोरालाही कळतं. पेरीची वीसएक जुनी गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित करून ती कथेत गुंफली आहेत. विजय मौर्य लॉरी झाला. डोना झालेली पालोमी घोष बंगाली, भूमिकेसाठी कोंकणी शिकली. 62व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा आणि निर्मिती-संकल्पनाचा पुरस्कार मिळाला, पालोमीचा खास उल्लेख झाला. चित्रपटात भावनेचा पाक जरा जास्त झाला आहे असं मला वाटतं. पण चर्चगेटची ती रात्र त्यात जशी उभी राहते तशी दुसऱ्या कुठल्या पडद्यावर मी पाहिली नाही.

मूळ तबकड्यांचं काय? बहुतेक गाणी सात इंची तबकड्यांवर आली. आपल्याकडे 78च्या लाखेच्या तबकड्यांचा संग्रह करण्याची परंपरा जुनी. 1990मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’नं आणि तिच्या सुरेश चांदवणकरांनी त्या कामाला शिस्त लावली. पण लोभ असतो तो गोहरजान, बालगंधर्व, जुन्या उस्तादांवर. नाइटक्लबच्या बँडची प्लास्टिकची तबकडी चोरबाजारात खरवडलेल्या अवस्थेत पडून राहते. आणि जिथे ती गाणी आता सहज ऐकू येतात, त्या इंटरनेटवर गायिकेचं नाव असतं, संगीतकाराचं असलं तर असतं, वादकांचं नसतंच. सेबास्तियन डिसोझाच्या वेळची बारीक अक्षरं इथे पूर्ण गळून पडली आहेत.

ऐकायला सुरुवात करायची तर ‘पिसो’पासून करावी, ठेका लगेच पकडतो. मग ‘बेबदो’. शब्द अर्धे कळतात, मालवणी कानाला तर त्याहून जास्त. ‘रेड रोज’ रात्रीसाठी ठेवा. आणि एकदा मूळ ‘नाचुंया कुंपासार’ ऐकून लगेच ‘अलबेला’तली नाचाची गाणी लावून बघा. मधे दीड-दोन दशकांचं अंतर आहे, भाषा वेगळी आहे, संगीतकार वेगळा आहे. पण ट्रंपेट ऐकताना दोन्हीकडचं घराणं एकच असल्याची ओळख पटते, आणि मग शंकर-जयकिशनची गाणी काढून त्यातली व्हायोलिनं पुन्हा ऐकावीशी वाटतात.