साथ सर्वांची, उपचार कोणाचे?

साथीच्या रोगाला राव आणि रंक सारखेच, असे आपण सहज बोलून जातो. जंतूपुरते पाहिले तर ते खरेही आहे. परंतु साथ म्हणजे केवळ जंतू नव्हे. आजारी माणूस कसल्या खोलीत पडून असतो, त्याला वेळेवर पेज कोण देतो, औषधाला पैसा कोठून येतो आणि किती दिवसांचा खाडा त्याला परवडतो, हे सारे मिळून साथ होते. तेथे राव आणि रंक यांच्या वाटा लगेच वेगळ्या होतात. मुंबई शहराने याचा पुरावा दोनदा दिला आहे.

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला व पावसाळ्याच्या अखेरीस त्याने उग्र रूप धारण केले. देशात त्या साथीने निदान सव्वा कोट माणसे नेली, असे अंदाज आहेत. मुंबईतील मृत्यूंची जमातवार नोंद झाली. सरकारी भाषेत ज्यांना ‘हलक्या जातीचे हिंदू’ म्हटले, त्यांच्यात दरहजारी ६१.६ माणसे दगावली. इतर हिंदूंत १८.९, पारशांत ९ आणि युरोपियनांत ८.३. शहर एक, हवा एक, वर्षही एकच. आणि मृत्यूत अंतर सातपटींचे!

हे अंतर औषधामुळे पडले काय? नाही. रोगावर औषध कोणापाशीच नव्हते. माणसांतील इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला तोच मुळी १९३३ साली. अंतर पडले ते हवेशीर घर, विश्रांती, सकस अन्न आणि शुश्रूषा यांमुळे. त्याच वर्षी पाऊस रुसला होता व धान्य महागले होते. चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब तापाने पडले, म्हणजे पाण्याचा पेला पुढे करणारे कोणी उरत नसे.

शंभर वर्षांनंतर कोरोनाची साथ आली. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचे दिसले. इतर वस्तीत १६ टक्क्यांना. ज्यांचा शौचकूपही शेकडो शेजाऱ्यांशी सामाईक, त्यांनी अंतर राखायचे कोठे?

या खेपेस प्राणवायू होता, अतिदक्षता विभाग होते, पुढे लसही आली. मग प्रश्न उरला तो किमतीचा आणि वाटेचा. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. हे योग्यच झाले. तरीही साध्या खाटेला दिवसाला ४,००० आणि व्हेंटिलेटरसह अतिदक्षतेच्या खाटेला ९,००० रुपये हा तो बांधलेला दर होता. रोजावर जगणाऱ्याने तो कोठून आणावा? मे २०२१ मध्ये अठरा वर्षांवरील तरुणांना लस खुली झाली, ती प्रथम संगणकावरील नोंदणीच्या अटीने. ज्याच्या हाती चांगला फोन, त्याचा नंबर आधी! महिनाअखेरीस सरकारी केंद्रांवर जागच्या जागी नोंदणीची सोय झाली, तेव्हा ही अडचण काहीशी सैल पडली.

मात्र हे अंतर अटळ आहे, असे आम्ही मानीत नाही. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रुग्ण सापडला. तेथे महापालिकेची माणसे व वस्तीतील डॉक्टर दारोदार गेले. ताप तपासला, शाळा आणि सभागृहांतून विलगीकरणाची सोय केली, जेवण दिले. रोगी दवाखान्यापर्यंत येण्याची वाट न पाहता दवाखानाच रोग्यापर्यंत गेला, आणि साथ आटोक्यात आली.

यातून घ्यायचा बोध साधा आहे. साथीच्या दिवसांत घाईने खाटा मांडता येतात. पण परिचारिका, वॉर्डातला दवाखाना आणि लोकांचा त्यावरील विश्वास एका महिन्यात उभा राहत नाही. तो निरोगी वर्षांतच उभारावा लागतो. आपल्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक मांडले जाते, तेव्हा आरोग्याच्या रकमेवर किती नागरिक प्रश्न विचारतात? पुढच्या साथीत कोण वाचेल, हे बऱ्याच अंशी त्या दिवशीच ठरत असते.