कापणी आणि पेरणी यांच्यामधले दाताळे

पूर्व इंग्लंडात ऑगस्टमध्ये गहू निघतो आणि सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात पुढचा गहू पेरतात. मधल्या काळात काड रानात पडून असते. पूर्वी ते सरळ पेटवून देत. १९९३ पासून इंग्लंड-वेल्समध्ये त्यावर बंदी आहे. म्हणून गठ्ठे बांधून विकायचे नसतील, तर कंबाइनच्या मागच्या भागातच काडाची कुट्टी होते आणि ती रानावर पसरते. त्यावरून जे अवजार फिरवतात ते काडाचे दाताळे.

गवताच्या ओळी लावणारे दाताळे वेगळे. ते गोळा करते, हे विस्कटते. रुंद चौकटीवर चार-पाच ओळींत लांब, लवचीक पोलादी दाते असतात आणि ट्रॅक्टर ताशी १५ ते २५ किलोमीटर वेगाने पळवायचा असतो. त्या वेगात दाते थरथरतात, काडाचे पुंजके फुटतात आणि वरची दोन-तीन सेंटीमीटर माती मोकळी होते. त्याहून खोल जायचे नाही.

या उथळपणामागे तणाचे गणित आहे. सांडलेले गव्हाचे दाणे आणि ब्लॅकग्रास या तणाचे बी कापणीनंतर वरच पडलेले असते. ब्लॅकग्रास अनेक तणनाशकांना दाद देईनासे झाले आहे. त्यामुळे पेरणीआधी त्याला मुद्दाम उगवू द्यायचे आणि मग मोडायचे, ही तिथली रीत. बियाला मातीचा स्पर्श आणि थोडी ओल मिळाली की ते उगवते. तेच नांगराने खोल गाडले, तर काही बी सुप्त राहते आणि पुढच्या एखाद्या नांगरटीत वर येते.

दुसरे काम गोगलगायींचे. तिथली बिनशंखाची करडी गोगलगाय ढेकळांखालच्या ओलसर फटींत पुंजक्याने अंडी घालते. दाते फिरले की ती उघड्यावर येतात आणि उन्हात सुकतात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या शेतात वापरण्यावर ब्रिटनमध्ये २०२२ पासून बंदी आल्यावर या उपायाचे मोल वाढले. त्याच वर्षीच्या खरिपात लातूर-बीड भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती. तो अनुभव घेतलेल्यांना अंड्यांच्या टप्प्यावरच गाठण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता वापर. पहिली फेरी कंबाइनच्या मागोमाग, पण भर उन्हात. मूठभर काड हातात घेऊन पिळावे. कडकड मोडले तर ट्रॅक्टर काढावा; नुसते वाकले तर दव उडेपर्यंत थांबावे. दमट काड दात्यांत अडकते, ओढत जाते आणि जागोजाग ढीग टाकते. कंबाइन ज्या दिशेने गेले त्याला तिरपे चालावे, म्हणजे पट्ट्यांतले जाड-पातळ काड थोडेफार सारखे होते. थोडेफारच. बारा मीटरच्या कापणीचा भुसा कंबाइनने मधल्या चार मीटरांत टाकला असेल, तर तो कोणतेही दाताळे बाजूला नेऊ शकत नाही. तो दोष कंबाइनवरच दुरुस्त करावा.

पाऊस झाला की आठ-दहा दिवसांनी वाकून माती बोटाने खरवडावी. मोडाचे पांढरे धागे दिसले की दुसरी फेरी मारावी. या अवस्थेत रोप उपटले तर उन्हात मरते. दोन पाने मातीवर आली, मुळे धरली, की दाते त्याच्या बाजूने निसटतात. मग पेरणीआधी तणनाशकच लागते.

दात्यांचा कोन हा खरा लगाम. दाते उभे केले तर माती जास्त हलते आणि काड जास्त अडते. मागे कलते ठेवले तर काड सरळ निसटते. विकत घेताना म्हणूनच कोन ट्रॅक्टरच्या सीटवरून बदलता येतो का, हे आधी बघावे. दात्यांच्या ओळींमध्ये भरपूर अंतर हवे, नाहीतर काड तुंबते. गारगोटीच्या जमिनीत टोके लवकर झिजतात, तिथे कठीण धातूची टोके परवडतात. रुंदी तीन मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत मिळते. ती ठरवताना आपला ट्रॅक्टर ते अवजार चढावरही वेगाने ओढेल का, हे पाहावे. रेंगाळत ओढलेले रुंद दाताळे काड नुसते कुरवाळते.

काही रानांत मात्र हात आवरावा. तेलबियांची मोहरी निघाल्यावर सुमारे चार आठवडे माती हलवू नये. तिचे सांडलेले बी अंधारात गेले की सुप्त होते आणि पुढची कित्येक वर्षे उगवत राहते. रानटी ओटचेही तसेच. ब्रोम गवतात तर जात ओळखावी लागते. काही जातींचे बी उजेडात सुप्त होते, म्हणून ते लगेच मातीआड करायचे. दुसऱ्या जातींचे बी महिनाभर वरच पक्व होऊ द्यायचे.

महाराष्ट्रात रब्बी गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो, तेव्हा रानात ओल नसते. तण उगवणार नाही, म्हणजे दाताळ्याचे मोठे काम इथे होणारच नाही. कापणीनंतर पाऊस आणि पेरणीआधी काही मोकळे आठवडे, ही जोडी जिथे जुळते तिथेच या अवजारावर पैसे घालावेत. घेण्याआधी आपल्या रानात कोणते बी पडते, ते ओळखून घ्यावे. फेरी कधी मारायची आणि मारायची की नाही, हे त्यावरूनच ठरते.