कोतवाल बुक कसे वाचावे?

आजोबांच्या जन्माचा पुरावा हवा असला, की अमरावती-अकोल्याकडे आपण तहसिलीत जाऊन कोतवाल बुकाची नक्कल मागतो. पण हे बुक दाखल्यांसाठी नव्हतेच. गावात किती जन्मले, किती गेले आणि कशाने, हे सरकारला कळावे म्हणून ते ठेवत. त्यातल्या एका ओळीपासून जिल्ह्याच्या आकड्यापर्यंत क्रमाने जाऊ.

नोंद. कोतवाल बातमी आणी आणि ती बुकात चढे: तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचे नाव बहुधा नसे, कारण बारसे व्हायचे असे. म्हणून आजोबांच्या नावाने शोधले तर आपण हात हलवत परत येतो. पणजोबांचे नाव धरावे. बाळंतपण माहेरी झाले असेल, तर ओळ पणजीच्या माहेरगावी सापडू शकते.

कारण. मृत्यूंना ठरावीक रकाने होते: पटकी म्हणजे कॉलरा, देवी, प्लेग, ताप, हगवण, इजा. इंग्लंडात तेव्हा डॉक्टरच्या दाखल्यावरून कारण लिहीत. वऱ्हाडातल्या खेड्यात बहुधा घरच्यांनी सांगितले तेच. त्यामुळे हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग सगळे 'तापा'त जमा होत. 1918 च्या इन्फ्लुएन्झाचेही बहुतेक बळी तिथेच गेले. त्या साथीचा अंदाज बांधताना तापाच्या एकूण मृत्यूंतून नेहमीच्या वर्षाचे मृत्यू वजा करावे लागतात.

बेरीज. गावाचे आकडे तालुक्यात आणि तालुक्याचे जिल्ह्यात मिळवले जात. इथे हद्दी तपासाव्यात. 1905 मध्ये एलिचपूर (आजचे अचलपूर) जिल्हा अमरावतीत विलीन झाला आणि मूर्तिजापूर तालुका अमरावतीतून अकोल्याकडे गेला. जिल्ह्याचे 1904 आणि 1906 चे आकडे सरळ शेजारी मांडले, तर माणसे नव्हे, नुसत्या हद्दी हललेल्या असतात.

दर. दर म्हणजे वर्षाला हजार माणसांमागे किती. समजा, 800 वस्तीच्या गावात 32 जन्म झाले. 32 ला 800 ने भागून हजाराने गुणले, की जन्मदर 40. खरी अडचण भाजकाची, म्हणजे वस्तीच्या आकड्याची. शिरगणती दहा वर्षांतून एकदाच. वऱ्हाडची वस्ती 1891 मध्ये सुमारे 29 लाख होती. दोन दुष्काळांनंतर 1901 मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. 1900 चे मृत्यू 1891 च्या वस्तीने भागले, तर भाजक फुगलेला राहतो आणि मृत्युदर खऱ्याहून कमी निघतो.

बालमृत्यू. हजार जन्मांमागे वर्षाच्या आत किती मुले दगावली, तो हा दर. सर्वांत जपून वाचावा. बारशाआधीच गेलेले बाळ पुष्कळदा जन्माच्या पानावरही नसे आणि मृत्यूच्याही. बालमृत्यू फारच कमी दिसणारे गाव भेटले, तर आपण त्याचा जन्मदरही पाहावा. तोही आसपासच्या गावांहून कमी असेल, तर गाव निरोगी होते असे समजू नये. आधी बुक अर्धवट भरल्याचा संशय घ्यावा.