पत्र कोठें अडलें?

कर्जत स्टेशनांत पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांस मागून बँकर इंजिनें जोडतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. बोरघाटांतील लोहमार्ग 1863 सालीं सुरू झाला. त्याचा चढ कित्येक ठिकाणीं 37 फुटांस 1 फूट इतका आहे. इंजिनें मोजकीं असून गाड्या लागोपाठ आल्या, तर वर गेलेलें इंजिन परत येईपर्यंत मागच्या गाडीस थांबावें लागेल. अशा वेळीं गाडी बिघडलेली नसते, मार्गही बंद नसतो. ती केवळ आपल्या पाळीची वाट पाहते. कचेरींतील संगणकांत ई-पत्रें अडतात तींही बहुधा अशींच.

गतवर्षीं खालापूर तालुक्यांतील आमच्या एका विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज आम्हीं शेवटच्या दिवशीं दुपारीं 2 वाजून 40 मिनिटांनीं ई-पत्रानें धाडला. मुदत सायंकाळीं 5 पर्यंत होती. दुसऱ्या दिवशीं कचेरीचें उत्तर आलें कीं, अर्ज 7 वाजून 50 मिनिटांनीं आला, सबब विचारांत घेतां येत नाहीं. मुलाचे वडील शाळेंत येऊन म्हणाले, "गुरुजी, माझ्या पोराची कांहीं चूक झाली का?" या प्रश्नाचें उत्तर अनुमानानें देणें आम्हांस योग्य वाटेना. मुलास घेऊन आम्ही कचेरींत गेलों, आणि तेथील कारकुनांनीं सौजन्यानें पत्राचा मूळ मथळा उघडून दाखविला.

ई-पत्र एका उडींत पोंचत नाहीं. टपालाची थैली जशी एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यास जाते, तसें तें एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातें. आणि प्रत्येक ठाणें 'रिसीव्ह्ड' या शब्दानें आरंभ होणारी एक ओळ, वेळेसह, सर्वांत वर लिहितें. म्हणून या ओळी खालून वर वाचाव्या. खालच्या ओळींत 14:40 होतें. मधल्या ओळींत कचेरीच्या दारावरील संगणकानें 09:11 लिहिलें होतें. वरच्या ओळींत 19:50. मुलगा गोंधळून म्हणाला, "धाडण्यापूर्वींच पत्र पोंचलें कसें?" तेव्हां आम्हीं त्यास वेळेपुढील अंक दाखविले. 09:11 पुढें +0000, म्हणजे ग्रिनिचची वेळ होती. इतर दोहोंपुढें +0530, म्हणजे आपली. साडेपांच तास मिळवितांच 14:41 झाले. पत्र एका मिनिटांत कचेरीच्या दारीं पोंचलें होतें, आणि पुढें 5 तास 9 मिनिटें आंतच बसून होतें.

तें कां बसलें? शेवटचा दिवस म्हणून पुष्कळ अर्ज एकदम आलेले, आणि त्यांस छायाचित्रें जोडलेलीं. जोडलेली वस्तु ई-पत्रांत अक्षररूप होतांना सुमारें एक-तृतीयांशानें फुगते. 9 मेगाबाइटचें चित्र 12 मेगाबाइट होतें. प्रत्येक पत्र विषाणूंसाठीं तपासावें लागतें तें वेगळेंच. त्यांत भर म्हणजे त्याच संगणकावर सर्व दप्तराची नक्कल काढण्याचें काम भर दुपारीं चालू होतें. 'सेंडमेल'सारखी टपालव्यवस्था, भार मर्यादेबाहेर गेला कीं, आलेलें पत्र पुढें न देतां रांगेंत ठेवते. भार आणखी वाढल्यास नवें पत्र घेणेंच थांबवते. मग धाडणारा संगणक मागाहून पुनः प्रयत्न करतो. दोन प्रयत्नांत निदान 30 मिनिटें जावीं व निदान 4-5 दिवस प्रयत्न सोडूं नये, असा संकेत आहे.

जाणता व्यवस्थापक प्रथम 'मेलक्यू' या आज्ञेनें रांग पाहतो, मग 'अपटाइम'नें भार. प्रोसेसर 4 असतां भार 4 च्या आसपास असेल तर ठीक. 40 असेल तर रांग वाढणारच. तदनंतर डिस्कवर जागा उरली आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि जड कामें रात्रीं न्यावीं. या कचेरीनें नक्कल काढण्याचें काम रात्रींवर नेलें. धाडणाऱ्यानें मात्र तेंच पत्र पुनःपुनः धाडूं नये; त्यानें रांग लांबतेच.

कचेरीनें 14:41 ही वेळ मान्य करून अर्ज दाखल करून घेतला. त्या पालकांस आम्हीं सांगितलें कीं, चूक मुलाची नव्हती. थोडी संगणकाची होती, आणि थोडी आमची. अर्ज आठ दिवस आमच्या मेजावर पडून होता. विद्यार्थिमित्रहो, दोष देण्यापूर्वीं ओळी खालून वर वाचा. आणि घाट चढावयाचा असेल तर गाडी अंमळ लवकर सोडा.