मंत्राविना योद्धा : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमसंहितेतील वीरकल्पना

चार-सहा जण टेबलाभोवती बसतात; एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णितो, इतर जण आपापल्या पात्राची कृती सांगतात, आणि ती सफल झाली की नाही याचा निर्णय बहुधा फाशांवर सोपवला जातो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने रूढ केलेला हा खेळ मौखिक कथनाचा असला, तरी त्याच्या पाठीशी मुद्रित नियमसंहिता असते. तौलनिक साहित्याभ्यासकाला ही संहिता लक्षणीय वाटावी, कारण कथेत काय घडू शकते याची सीमा आखण्याचे काम ती करते. जादू अवगत नसलेल्या योद्ध्याला काय करता यावे, हा प्रश्न या संहितेत पन्नास वर्षे अनिर्णित राहिला आहे. तो सामान्यतः बळाच्या तुलनेचा प्रश्न मानला जातो. पण मूळ संहिता बारकाईने वाचली तर तो प्रथमतः वाक्यरचनेचा प्रश्न असल्याचे दिसते.

एका बंद दाराचे उदाहरण पुरेसे आहे. १९७४च्या नियमांनुसार दार बळाने उघडायचे, तर सहा बाजूंच्या फाशावर १ किंवा २ पडावे लागत. जादूगाराच्या ‘नॉक’ या मंत्राचा नियम मात्र दार उघडते एवढेच सांगून थांबतो. मंत्राचे वाक्य विधानार्थी आहे, बाहुबळाचे वाक्य संभवार्थी. सर्वच मंत्र इतके निरपवाद नाहीत. कित्येकांपासून बचावण्याची संधी फासा देतो. तरीही प्रत्येक मंत्राला स्वतःचे नाव, पल्ला, कालमर्यादा आणि परिणाम असतो. तो एक स्वतंत्र लघुसंहिताच असतो. तलवारीच्या वाट्याला कोष्टकातील एक ओळ येते. जादूगार पातळ्या चढत जातो तसतशी त्याच्या ताब्यातील क्रियापदे वाढतात. योद्ध्याचे आकडे तेवढे वाढतात.

या भेदाचे मूळ खेळाच्या पूर्वपीठिकेत आहे. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांची ‘चेनमेल’ ही १९७१ची नियमावली छोट्या सैनिक-प्रतिमा मांडून मध्ययुगीन लढाया खेळण्यासाठी होती, आणि तिच्या अखेरीस अद्भुताची पुरवणी जोडलेली होती. त्या पुरवणीत ‘हीरो’ चार माणसांइतका आणि ‘सुपरहीरो’ आठ माणसांइतका लढतो. जादूगाराचा अग्निगोल मात्र मोठ्या दगडफेकी यंत्राच्या आणि विद्युत्प्रहार जड तोफेच्या मापाने मोजलेला आहे. म्हणजे वीराचा जन्म पायदळात झाला आणि जादूगाराचा तोफखान्यात. पुढील संहितांनी दोघांना एकाच टेबलावर, सारख्याच पातळ्यांच्या शिडीवर बसवले. ही वंशावळ मात्र पुसली गेली नाही.

साहित्यिक पूर्वसूरींकडे पाहता ही परिस्थिती अधिकच विलक्षण वाटते. गायगॅक्स यांनी १९७९च्या सूत्रधार-मार्गदर्शिकेत दिलेल्या प्रेरणास्रोतांच्या यादीत रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर आणि जॅक व्हॅन्स ही नावे आहेत. १९३२पासून प्रसिद्ध होत गेलेल्या हॉवर्ड यांच्या कोनन-कथांत जादू बहुधा प्रतिपक्षाची असते, आणि नायक तिला भीत असूनही तिच्यावर मात करतो. व्हॅन्स यांच्या १९५०च्या ‘द डाइंग अर्थ’मध्ये मांत्रिकाला मोजकेच मंत्र स्मरणात ठेवता येतात आणि उच्चारताच ते विस्मृतीत जातात. खेळाने जादूचे हे बंधन उचलले. आरंभीच्या नियमांत पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळे. कथेत वीराच्या विजयाची तरतूद लेखक करीत असे. ती तरतूद नियमात कशी उतरवावी, हे मात्र कोणाला साधले नाही.

अपवाद एकच, आणि तो आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे. आरंभीच्या संहितेत नवव्या पातळीला पोचलेला योद्धा ‘लॉर्ड’ होई, गढी बांधी, भोवतालच्या मुलखाचा धनी होई. त्याचे सामर्थ्य सामाजिक होते. (‘सभासद बखरी’तील किल्ल्यांच्या व सैन्याच्या याद्या परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे मोजमाप परके वाटणार नाही.) २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत अनुयायी मिळवणे हे कोणत्याही पात्राला निवडता येणारे ऐच्छिक कौशल्य झाले, आणि योद्ध्याचे खास क्षेत्र कोणताही गाजावाजा न होता संपले. ही हानी तलवारीच्या आकड्यांनी भरून निघण्यासारखी नव्हती.

योद्ध्याला अधिक काही देण्याविरुद्धचा नेहमीचा आक्षेप वास्तवतेचा असतो : मंत्राविना माणूस असे करू शकत नाही. पण हा ‘माणूस’ कोणत्या वाङ्मयातला? बेओवुल्फच्या मुठीत तीस माणसांचे बळ आहे, आणि शस्त्र टाकून तो ग्रेंडेलचा हात खांद्यापासून उपटतो. महाभारतातील भीम नागलोकातील रस पिऊन दहा हजार हत्तींचे बळ मिळवतो. तो वायुपुत्रही आहे. त्याचे हे बळ दैवी की मानुष, असे वर्गीकरण महाकाव्य करीत बसत नाही. ‘जादू’ आणि ‘जादू-नसलेले’ ही विभागणी नियमकारांची आहे. एकदा ती केली की अद्भुत सगळे एका बाजूला जाते आणि दुसऱ्या बाजूला व्यायामशाळेतील माणूस उरतो. अग्निगोल फेकणाऱ्याला वास्तवतेची कसोटी कोणी लावत नाही.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न झाले. २००६च्या ‘टोम ऑफ बॅटल’ने योद्ध्यांना नामांकित डावपेच दिले. २००८च्या चौथ्या आवृत्तीने योद्ध्याच्या पराक्रमांना मंत्रांसारखीच मांडणी दिली. त्यांपैकी ‘कम अँड गेट इट’ हा पराक्रम उद्बोधक आहे : योद्धा आव्हान देतो आणि आसपासचे शत्रू त्याच्याकडे ओढले जातात, फासा न टाकता. शत्रू का येतील, असा वाद उठला, आणि पुढील दुरुस्तीत ओढले जाण्यापूर्वी शत्रूच्या मनोबलाविरुद्ध फासा टाकणे आवश्यक ठरले. विधान पुन्हा संभव झाले.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत विसाव्या पातळीचा योद्धा एका ‘आक्रमण’-कृतीत चार वार करतो, तर जादूगाराला सतराव्या पातळीपासून ‘विश’ म्हणजे इच्छापूर्तीचा मंत्र घेता येतो. २०२४च्या सुधारित संहितेत एक सूक्ष्म बदल आहे. योद्ध्याची क्षमता-चाचणी फसली, तर दम धरण्याच्या आपल्या राखीव शक्तीतून तो आणखी एक फासा मिळवू शकतो. दारासमोर त्याला अजूनही फासाच टाकावा लागतो. मात्र शस्त्रप्रावीण्याच्या नव्या नियमांनुसार ‘ग्रेझ’ हा गुण असलेली दुहाती तलवार नेम चुकला तरी थोडी इजा करतेच. इजा किरकोळ असते. पण या एका ओळीत तलवारीचे वाक्य विधानार्थी आहे.